माळवदावरचा मे महिना

बँकेतल्या माणसाला ठराविक वर्षांनी सहकुटुंब प्रवासाचे भाडे मिळते. या भाड्यात भारताचा कोणताही कोपरा गाठता येतो म्हणून माझे सहकारी एकदा अंदमान आणि एकदा काश्मीर असे आलटून पालटून कोपरे गाठत असतात. मी यंदा अर्जावर ‘जळकोट’ असे लिहिले तेव्हा आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारले, “हे हिल स्टेशन आहे का?”

“नाही साहेब, आजोळ आहे.”

“मग भाडं किती होतं?”

मी आकडा सांगितला. साहेब म्हणाले, एवढ्या रकमेसाठी जो कागद खर्ची पडेल त्याची किंमत जास्त आहे. अर्ज मी मागे घेतला आणि साधी रजा टाकून निघालो. आमच्या सौ. ना आणि चिरंजीवांना महाबळेश्वर हवे होते, म्हणून ती दोघे महाबळेश्वरला गेली. मे महिन्यात मराठवाड्याकडे जाणारा माणूस एकटाच जातो, हे मी पूर्वीपासून पाहत आलो आहे. त्या दिवसांत पाराही चाळिशी ओलांडलेला असतो आणि मीही, त्यामुळे दोघांचे बरे जमते.

कारण असे झाले की मामांचा फोन आला. “घर पाडायलाव,” ते म्हणाले, “सोमवारी जेशीबी येणार हाय. तुला काय ठिवून घ्यायचं आसंल तर येऊन बघून जा. मागनं म्हनू नगंस.” आजोळच्या जुन्या घरातले काय ठेवून घ्यावे हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. आजोळ हे असतेच, त्यात ठेवून घेण्यासारखे काय, अशीच आपली समजूत असते.

आधी एक खुलासा करतो, कारण तो मला जन्मभर करावा लागला आहे. महाराष्ट्रात जळकोटे दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यातले, उदगीरच्या बाजूचे. पुढे ते तालुक्याचे गाव झाले. दुसरे आमचे, तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे आठ किलोमीटरवर. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ही दोन्ही जळकोटे एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती. टपाल खात्यावर यापेक्षा मोठा सूड कोणी उगवला नसेल. माझ्या आईच्या लग्नाच्या पत्रिकांपैकी निम्म्या त्या जळकोटला गेल्या होत्या आणि तिथल्या एका अनोळखी सद्गृहस्थांनी आहेराचे पाच रुपये मनिऑर्डरने पाठवले होते, असे आजी सांगत असे. आता जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. तेव्हा खुलासा करताना ‘म्हणजे पूर्वीचे उस्मानाबाद’ अशी आणखी एक ओळ वाढली, एवढेच.

सोलापूरला एस. टी. पकडली. उन्हाळ्यात खिडकीची जागा मिळणे ही शिक्षा असते हे लहानपणी कळत नव्हते, तेव्हा तिच्यासाठी आम्ही भावंडे मारामारी करत असू. आता मी आपण होऊन मधली जागा घेतली. इटकळ गेले, अणदूर आले. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एक आहे. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मी बेरीज करून पाहिली आहे, बरोबर बारा येते. मूर्ती हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत करार होतो, म्हणजे सगळे रीतसर. संयुक्त खाते इतकी वर्षे तक्रारीवाचून चालल्याचे दुसरे उदाहरण माझ्या नोकरीत तरी मला आढळलेले नाही. आमच्याकडे नवराबायकोचे संयुक्त खाते तीन वर्षे टिकले तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे.

नळदुर्गला गाडी दहा मिनिटे थांबते. इथे किल्ला आहे, किल्ल्यातून बोरी नदी वाहते आणि नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात काढलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बांध १६१३ साली पुरा झाला. पावसाळ्यात बांधावरून पाणी दोन ठिकाणी कोसळते, त्यांना नर आणि मादी म्हणतात. आम्हां मुलांना आबा, म्हणजे माझे आजोबा, हा धबधबा दाखवायला दर वर्षी नेत. मात्र आम्ही येणार मे महिन्यात, त्यामुळे धबधबा आम्ही पाहिला म्हणजे जिथून तो पडतो ती जागा पाहिली. आबा बांधाकडे हात करून, “हितनं नर पडतो, हितनं मादी,” असे सांगत आणि आम्ही कोरड्या दगडांकडे बघून “अबब” म्हणत असू. खाली पाणीमहालात मात्र त्या उन्हातही गार वाटे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने विजेवाचून जो गारवा करून ठेवला तो आमच्या शाखेतल्या यंत्राला एप्रिलनंतर जमत नाही.

याच किल्ल्यात मेडोज टेलर राहत असे. १८५३ साली निजामाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा हा गृहस्थ इथे कारभार पाहायला आला. ठगाच्या कबुलीजबाबावरची त्याची कादंबरी १८३९ सालीच निघून गाजली होती. नळदुर्ग सोडल्यावर १८६३ साली त्याने ‘तारा’ नावाची आणखी एक लिहिली आणि तिची सुरुवात आमच्या तुळजापुरात केली. दिवसा महसूल वसूल करायचा आणि उरल्या वेळात कादंबऱ्यांची जुळवाजुळव करायची, हा माणूस मला फार जवळचा वाटतो. फरक इतकाच की त्याच्याकडे जिल्हा होता आणि माझ्याकडे काउंटर नंबर चार आहे. १८६० साली इंग्रजांनी जिल्हा निजामाला परत केला. घेतलेली वस्तू इंग्रजांनी परत केल्याची उदाहरणे थोडी आहेत, त्यांत आमचे एक.

असो. गाडी सुटली.

जळकोटला उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ही वेळ गावात उतरण्याची नव्हे. या वेळी गावात फक्त कुत्री जागी असतात आणि तीही नाइलाजाने. रस्ता आता चौपदरी आहे, लहानपणी तो एकपदरीच म्हणायला हवा, कारण समोरून ट्रक आला की आमची बैलगाडी खाली उतरत असे. कडेला चिंचेची आणि कडुलिंबाची झाडे होती, त्यांची बुडे दगडांत दडली आहेत. रसवंती मात्र जागेवर आहे. चरक विजेवर चालतो तरी मालकाने चाकाला घुंगरू बांधून ठेवले आहेत. बैल गेला, घुंगरू राहिले. एक ग्लास घेतला, त्यात निम्मा बर्फ होता. लहानपणी निम्मा रस असे, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तेव्हाही निम्मा बर्फच असे.

घराच्या दारात मामा बाजेवर पडले होते. “कवा निघालास? गाडीला गर्दी हुती का? जेवलास का?” तीन प्रश्न विचारून, उत्तर न ऐकता त्यांनी आत आवाज दिला, “आगं, बँकवाले आले बघ. पानी आन.” मामी रांजणातले पाणी आणि वर गुळाचा खडा घेऊन आल्या. हा गुळाचा खडा बघून मी निम्मा सैलावलो.

पूर्वी आम्ही अकरा भावंडे या घरात मेचा महिना काढत असू. सकाळी विहीर. पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून धाकट्या मामांनी ढकलले की पोहायला आले असे समजायचे. मग वाळवण राखणे. आजी आणि शेजारच्या बाया पहाटे गव्हाचा चीक शिजवून माळवदावर कुरडया घालत आणि आम्हांला काठी देऊन राखणीला बसवत. कावळ्यांपासून राखायचे असे सांगितलेले असे, प्रत्यक्षात दर एका कावळ्यामागे आमचे चार हात लागत. संध्याकाळी आजी कुरडया मोजत असे आणि “कावळं लै माजल्यात औंदा” एवढेच बोलत असे. तिला सगळे ठाऊक होते. दुपारी झोपण्याची सक्ती होती. सक्तीने झोपलेल्या अकरा मुलांचा जेवढा आवाज होतो तेवढा जत्रेत होत नाही.

आणि रात्री माळवद. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या फळ्या आणि किलच्या, आणि त्यावर मातीचा जाड थर, असे ते सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. आबा हे काम मोठ्या हौसेने करवून घेत. संध्याकाळी पाणी शिंपडले की माळवद वास सोडी, मग घोंगड्या अंथरायच्या आणि एका ओळीत आडवे व्हायचे. आबा कडेला बसत आणि आमच्या फर्माइशीवरून गोष्ट सांगत. गोष्ट एकच होती, ‘रणगाड्याची’.

ही गोष्ट मात्र छापील इतिहासात आहे. १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. हैदराबाद संस्थानावर चाल करून मेजर जनरल चौधरींच्या हाताखालचे सैन्य पहाटे सोलापूरकडून आत शिरले. पहिली गाठ नळदुर्गला पडली. सातव्या ब्रिगेडने बोरीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवायच्या आत शाबूत ताब्यात घेतला, शीख पलटणीने मोर्चे मोडले आणि मोकळ्या रस्त्याने रणगाड्यांची तुकडी सकाळी ९ वाजता जळकोटात आली. दुपारी सव्वातीनला ती उमरग्यात होती आणि १७ तारखेला सगळे संपलेही. जगाच्या लष्करी इतिहासात जळकोटचे नाव एकदाच येते, ते ‘९ वाजता’ या शब्दांसह. माझ्या माहितीप्रमाणे जळकोटात वेळेवर घडलेली ही एकमेव गोष्ट आहे.

आबांचे किराणा दुकान रस्त्यालाच होते. ते गुळाची ढेप फोडत होते. नळदुर्गकडून धूळ उठली, जमीन हलली. “मला वाटलं, रस्त्याचा रूळ आला,” आबा सांगत. मग रणगाडे दिसले. किती? मी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हा ते बारा होते, पुढच्या वर्षी अठरा झाले आणि १९९२ च्या मे महिन्यात साठ. हा मालसाठा दर वर्षी असा वाढत होता, पण हिशेब तपासणीस म्हणून मी अजून नेमला गेलो नव्हतो. एका अधिकाऱ्याने आबांना उमरग्याचा रस्ता विचारला. आबा म्हणाले, “ह्योच हाय साहेब. दुसरा न्हाईच, चुकायची सोय न्हाई.” यावर आम्ही दर वर्षी हसत असू. त्याआधीचे वर्ष रझाकारांच्या धाकात कसे गेले, अर्धे गाव हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला कसे पळाले, हेही आबा सांगत. रझाकार एकदा दुकान लुटायला आले तेव्हा पायरीवर शिवणयंत्र मांडून बसलेल्या मास्तरांनी, “मालक गावाला गेले, किल्ली माझ्याकडे नाही,” असे सांगून त्यांना परत कसे लावले आणि आबा त्या वेळी आत तेलाच्या पिंपामागे कसे होते, हे तर अभिनयासह. मास्तर म्हणजे गावचा शिंपी, मुसलमान, आबांच्या वयाचा. उर्दू शाळेत दोघे एका फळीवर बसलेले. निजामी राज्यात शाळा उर्दूतच होती आणि आबांची सही शेवटपर्यंत उर्दूतच राहिली.

“मग मास्तरांचं पुढं काय झालं?” एकदा कोणीतरी विचारले.

“झोपा आता,” आबा म्हणाले.

त्या वेळी आम्हांला ते वेळ फार झाल्यामुळे वाटले.

माळवदावरचा शेवटचा मे १९९३ चा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही मुलांनी ज्याचे लाड केले तेच छप्पर आणि त्याखालच्या चिखलात रचलेल्या दगडी भिंती माणसांवर आल्या. दर वर्षी हौसेने दिलेला मातीचा एकेक थर, त्याचे वजन कोणी कधी केले नव्हते. ५२ गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. आमच्या घराला दोन तडे गेले, माणसे सुखरूप राहिली. पण त्या दिवसापासून आबा घरात झोपले नाहीत. अंगणात पत्र्याचे शेड घातले आणि १९९८ साली तिथेच गेले. घर उभे राहिले खरे, पण त्यात ज्वारीची पोती आणि मोडकी बाज एवढेच राहत होते. तेव्हा मामा ते पाडतात यात गैर काही नाही. उलट इतकी वर्षे का ठेवले हाच प्रश्न.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि मामा आत शिरलो. ठेवून घेण्यासारखे म्हणून मी एक पितळी अडकित्ता बाजूला काढला, एक दौत काढली. मग कोनाड्यात लाल कापडात बांधलेल्या दुकानाच्या वह्या निघाल्या. मामी म्हणाल्या, निम्म्या वह्यांचे कागद पापडाच्या डब्यात घालायला गेले, हे उरलेले. मी बी. कॉम., दुसरा वर्ग. मला वह्या दिसल्यावर राहवेना.

सगळ्यात जुनी वही फसली १३५७ सालची, म्हणजे १९४७-४८. अक्षर थोडे मोडी, थोडे बाळबोध, नावे कुठे कुठे उर्दूत. रकमा हाली सिक्क्यात. निजामाचे नाणे वेगळे होते, सात हाली म्हणजे सहा कलदार रुपये, आणि सोलापूरचा माल आणायचा तर आबांना हा त्रैराशिक रोज करावा लागे. पाने उलटत भाद्रपदापर्यंत आलो. रणगाड्यांच्या दिवशी विक्री काही नाही. पुढे चार दिवस कोरे. मग भाद्रपद वद्यात एकच ओळ, ‘मास्तर १४’.

“मामा, मास्तरांकडून चौदा रुपये येणे होते की आपले,” मी म्हणालो. “बुडाले असणार.”

दुसरी वही काढली. तीत ‘मास्तर मागील बाकी १४’. तिसरीत तेच. हाली सिक्का बंद झाला त्या वहीत ‘१२ कलदार’. चौदाचे बारा, हिशेब चोख. पुढे नवे पैसे आले, काही वह्या पापडात गेल्या, पण ज्या आहेत त्या प्रत्येकीत पहिल्या पानावर मास्तर हजर. शेवटची वही १९७२ ची, दुष्काळात दुकान बंद पडले ते वर्ष. तीतही ‘मास्तर १२’. चोवीस वर्षे. आमच्या बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही तर आम्ही कर्ज थकीत म्हणून बाजूला काढतो आणि मग साहेबांची झोप उडते. आबांनी बारा रुपयांसाठी चोवीस वर्षे धीर धरला, याचे मला मोठे नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली, की आमचे आबा असे चिकट होते तर.

मामा वहीत डोकावले. ते सातवी पास, पण दुकानात वाढलेले. “आरं, ही डावी बाजू हाय,” ते म्हणाले.

“मग? डावीकडे नावे.”

“तुज्या बँकेत. आपल्या वहीत डावीकडं जमा आसतं.”

मी खाली बसलो. हे मला कॉलेजात शिकवले होते, परीक्षेत दोन मार्कांना आले होते आणि मी लिहिलेही होते, की इंग्रजी खतावणीत नावे डावीकडे आणि देशी वहीत जमा डावीकडे. म्हणजे मास्तरांकडून येणे नव्हतेच. मास्तरांचे पैसे आबांकडे ठेव होते. भाद्रपद वद्यात, सैन्य येऊन गेल्यावर आठवड्याच्या सुमारास, त्यांनी आणून दिलेले.

“आई म्हनायची,” मामा जरा वेळाने बोलले, “त्ये लोक राच्चं गेलं. आबानीच गाडी जुपून दिली हुती. येताव म्हनाले हुते म्हनं.”

त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात काय झाले ते मी पुढे वाचले आहे. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिचा अहवाल कितीतरी वर्षे दाबून ठेवलेला होता. रझाकारांचे उट्टे ज्यांच्यावर निघाले त्यांत रझाकार थोडे आणि मास्तर पुष्कळ होते, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद एक. आबांची गोष्ट दर वर्षी ‘९ वाजता’ संपत असे. दहा वाजल्यापुढचे त्यांनी कधी सांगितले नाही. ते वहीत होते, डाव्या बाजूला.

रात्री अंगणात बाजा टाकल्या. पाडायच्या घराच्या माळवदावर चढू नको असे मामींनी बजावले होते, म्हणून चढलो नाही. खालूनच त्याची कड दिसत होती. मामा जागे होते.

“तू बँकेत हाईस,” ते म्हणाले. “आसल्या पैशाचं काय करायचं आसतं?”

मी सांगितले. खाते दहा वर्षे हलले नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करायची. पुढे खातेदार आला तर त्याने फॉर्म भरायचा, ओळखीचा पुरावा द्यायचा, फोटो द्यायचा. खातेदार नसेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणायचा. मग आम्ही तपासून, व्याजाचा हिशेब करून, रक्कम परत देतो.

मामांनी सगळे ऐकून घेतले. हैदराबादच्या दिशेने एक ट्रक गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“मंग ऱ्हाऊ दे वहीतच,” मामा म्हणाले आणि कुशीवर वळले.

सोमवारी जेसीबी यायच्या आधीची गाडी मी पकडली. मांडीवर मामींनी दिलेला कुरडयांचा डबा होता आणि डब्याखाली लाल कापडातल्या वह्या. कंडक्टरने सामानाचे तिकीट लागेल का म्हणून डब्याकडे पाहिले, वास घेतला आणि पुढे गेला.